हात थरथरतो, जीभ अडते : चारचौघांतल्या भीतीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही 'सोशल अँक्झायटी'बद्दल, म्हणजे चारचौघांत आपलं हसं होईल या पाठ न सोडणाऱ्या भीतीबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं आली ती मोठ्यांची, नोकरी-संसारात रुळलेल्यांची. अनेकांनी वीस-वीस वर्षं हा त्रास 'माझा स्वभावच असा' म्हणून सोसलेला दिसतो. उत्तरं एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : मी पतसंस्थेत कॅशिअर आहे, वय ३१. ग्राहक समोर उभा असताना सही करायची वेळ आली की हात थरथरतो. हल्ली आदल्या रात्रीपासूनच पोटात गोळा येतो. घरचे म्हणतात, तू लहानपणापासून बुजराच. हा आजार की स्वभाव? मेंदूची तपासणी करून घेऊ का?

बुजरा माणूस नवख्या घरी थोडा वेळ गप्प बसतो, चहा येईपर्यंत रुळतो आणि घरी परतल्यावर तो प्रसंग विसरून जातो. तुमचं तसं होत नाही. भीती प्रसंगाच्या आधी सुरू होते, प्रसंगात तशीच राहते आणि नंतरही सोडत नाही. 'माझी थरथर दिसेल आणि लोक मला कमी लेखतील' हा तिचा गाभा. असा त्रास सहा महिन्यांहून अधिक काळ चालला असेल, त्यापायी कामं टाळली जात असतील किंवा जीव मुठीत धरून केली जात असतील, तर त्याला आजार म्हणायचं आणि त्यावर उपचार घ्यायचे. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 'सोशल फोबिया' या नावाने त्याची वेगळी नोंद झाली. २०१३ च्या आवृत्तीत 'सोशल अँक्झायटी डिसऑर्डर' हे मुख्य नाव झालं. बहुतेकांना तो शाळकरी वयात, ८ ते १५ वर्षांच्या दरम्यान जडतो. म्हणूनच घरच्यांना तो स्वभाव वाटतो.

मेंदूच्या स्कॅनची इथे सहसा गरज नसते. आधी एक साधी गोष्ट करून पाहा. घरी, एकटे असताना, त्याच पेनाने पानभर मजकूर लिहा, वीस सह्या करा, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला एका हाताने उचला. एकटे असताना हात स्थिर आणि ग्राहकासमोर थरथरत असेल, तर कारण बहुधा भीतीच. एकटे असतानाही अक्षर वाकडं येत असेल, पेला हिंदकळत असेल, वडिलांना किंवा आत्याला तसाच कंप असेल, तर फिजिशियनला दाखवा. तो निराळा आजार असू शकतो. थायरॉइडची रक्ततपासणी मात्र करून घ्यावी. दम्याचं सालब्युटामॉल आणि फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनीही हात कापतात. दिवसाला सहा-सात कप चहा होत असेल तर तो दोनवर आणा.

आता हाताबद्दल. थरथर दिसू नये म्हणून तुम्ही पेन घट्ट आवळत असाल, कोपर टेबलाला दाबून धरत असाल, श्वास रोखत असाल. आवळलेला स्नायू जास्त कापतो. म्हणजे लपवण्याच्या धडपडीनेच कंप वाढतो. सराव उलट दिशेने करा : पकड सैल, सही नेहमीपेक्षा हळू, नजर आपल्या बोटांवर न ठेवता ग्राहकाच्या चेहऱ्यावर एकदा टाकायची. पुढच्या टप्प्यात हात मुद्दाम थोडा थरथरवायचा. चेकवर नाही, तिथे सही जुळावी लागते. कुरिअरची पावती, सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर अशा ठिकाणी करा आणि समोरचा खरंच काही बोलतो का ते बघा. तो आपल्या घाईत असतो. हे आम्ही सांगून पटत नाही, दहा वेळा स्वतः पाहिलं की पटतं.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे, वय ३८. वर्गात मुलांसमोर काही होत नाही. पण पालकसभा, शिक्षकांची बैठक, वरिष्ठांची भेट म्हटली की कान तापतात, चेहरा लाल होतो, शब्द सापडत नाहीत. प्रत्येक वाक्य आधी लिहून पाठ करते, तरी तेच. मग रात्रभर तोच प्रसंग डोळ्यांसमोर. 'जरा धीट हो' ऐकून कान किटले आहेत. नेमकं करायचं काय?

धीटपणा तुमच्यात आहेच. इतकी वर्षं प्रत्येक बैठकीला तुम्ही जाताच आहात. प्रश्न असा आहे, की इतक्यांदा सामोरं जाऊनही भीती झिजली का नाही? डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये नेमकं याचंच उत्तर मांडलं आणि आजचा सर्वांत परिणामकारक उपचार त्यावर उभा आहे.

बोलायची वेळ आली की तुमचं लक्ष समोरच्यांवरून उडून स्वतःवर येतं : कान किती तापले, आवाज कापला का. मग मनात स्वतःचं एक चित्र तयार होतं, जणू समोरच्या खुर्चीतून कुणी तुम्हाला बघत आहे. त्या चित्रात तुम्ही टोमॅटोसारख्या लाल आणि तोतऱ्या दिसता. हे चित्र आतल्या जाणिवेवरून काढलेलं असतं, लोकांच्या चेहऱ्यांवरून नाही. तुम्ही मात्र त्यालाच पुरावा मानता. त्यात भर पडते ती बचावाच्या सवयींची. वाक्य पाठ करणं, बोलताना आधीचं वाक्य कसं झालं ते तपासत राहणं, मेकअपचा थर, ओढणी गळ्याभोवती घट्ट, दाराजवळची खुर्ची, प्रश्न येऊ नये म्हणून भरभर बोलणं. बैठक निभावली, की श्रेय या सवयींना जातं : 'पाठ केलं म्हणून वाचले.' भीती खोटी होती हे शिकायची संधी हुकते. पाठांतराचा आणखी एक तोटा आहे. मनात वाक्य घोळत असताना समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही, त्यामुळे तुम्ही तुटक किंवा गर्विष्ठ वाटता. ज्याची भीती होती, ते बचावातूनच ओढवतं.

सुरुवात यादीपासून करा. वहीत तुमच्या सगळ्या बचावाच्या सवयी लिहा, अगदी क्षुल्लकही. बहुतेकींच्या दहा-बारा निघतात.

मग एक प्रयोग. मैत्रिणीशी किंवा थेरपिस्टच्या साहाय्याने एखाद्या अनोळखी व्यक्तीशी पाच मिनिटं बोला, सगळ्या सवयी वापरून, लक्ष पूर्ण स्वतःवर ठेवून. नंतर पुन्हा पाच मिनिटं बोला, या वेळी सवयी सोडून, लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर आणि खोलीतल्या वस्तूंवर ठेवून. दोन्ही वेळा ० ते १०० मध्ये लिहा : किती भीती वाटली, किती घाबरलेली दिसले असेन. समोरच्या व्यक्तीलाही आकडे द्यायला सांगा. बहुतेकांची भीती दुसऱ्या वेळी कमी निघते आणि बोलणंही जास्त मोकळं ठरतं.

दोन्ही वेळांचं मोबाइलवर चित्रण करा. मात्र ते लगेच बघू नका. आधी डोळे मिटून, आपण कशा दिसू ते मनात पाहा आणि ठोस लिहून काढा : चेहरा अमुक रंगाच्या ओढणीइतका लाल, दहा वेळा 'अं', हात सतत हलता. मगच चित्रण लावा, पडद्यावरची बाई परकी आहे असं समजून, आणि मोजा. ही तयारी वगळली तर चित्रण बघताना बोलतानाच्या भावना पुन्हा वर येतात आणि 'बघा, किती वाईट' असंच वाटतं. अनेकांचा हा प्रयोग इथेच फसतो.

यानंतर रोजच्या जगात प्रयोग, आठवड्याला तीन-चार तरी. प्रत्येकाआधी वहीत लिहायचं : काय होईल असं वाटतं, कोणती सवय सोडणार, आणि नंतर, प्रत्यक्षात काय झालं. भाकीत डोळ्यांनी दिसेल, कानांनी ऐकू येईल असं हवं. 'लोकांना मी मूर्ख वाटेन' हे तपासता येत नाही. 'मी पाच सेकंद थांबले तर कुणीतरी हसेल किंवा मध्येच बोलेल' हे तपासता येतं. मग बैठकीत खरोखर पाच सेकंद थांबा. एक मुद्दा न लिहिता, न पाठ करता मांडा. भाजीवालीला चिल्लर मुद्दाम सावकाश मोजून द्या. दुकानात तीन वस्तूंचा भाव विचारा आणि काही न घेता बाहेर पडा. एसटीत कंडक्टरला एकच थांबा दोनदा विचारा. चेहऱ्याच्या लालीसाठी : व्यायाम करून चेहरा तापलेला असतानाच शेजारणीकडे जाऊन दोन मिनिटं बोला. घामाची भीती असणाऱ्यांनी शर्ट काखेत ओला करून बाजारात जावं. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्या गोष्टीला आयुष्यभर घाबरलो ती हाताने घडवून आणली आणि आकाश कोसळलं नाही, हे कळण्याइतकं औषधी दुसरं काही नाही.

यशाचं माप 'भीती शून्य' हे ठेवू नका. माप एकच : सवय सोडली का, आणि भाकीत खरं ठरलं का. दीर्घ श्वसनाबद्दलही सावध करतो. प्राणायाम रोज सकाळी जरूर करा. पण बोलण्याच्या ऐन क्षणी 'आता श्वास नीट घेते, म्हणजे लाल होणार नाही' असं सुरू झालं, की तीही बचावाची सवयच झाली.

उरला रात्रीचा रवंथ. प्रसंगानंतर मनात जी उजळणी चालते ती आठवण नसते, ती खटला असते आणि साक्षीदार एकच, तुमची भीती. तिला उत्तरं देत बसू नका. 'रवंथ सुरू झाला' एवढं ओळखा, वहीतली नोंद एकदा वाचा आणि उठून हाताला काम द्या. ते चित्र एखाद्या जुन्या घटनेतून आलं असेल, म्हणजे वर्गात बाकावर उभं केलं होतं, आडनावावरून हसले होते, तर ती आठवण प्रशिक्षित थेरपिस्टसोबत उलगडावी. एकटीने उकरू नये.

हे सारं 'कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी', म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या सीबीटीमध्ये येतं. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत सोशल अँक्झायटीसाठी व्यक्तिगत सीबीटीला पहिलं स्थान दिलं, सुमारे चार महिन्यांत दीड-दीड तासांची १४ पर्यंत सत्रं. इथे सत्र बहुधा पाऊण ते एक तासाचं असतं, म्हणून १२ ते १६ सत्रं धरून चला. दीड तास मागण्याचं कारणही समजून घ्या : त्यात थेरपिस्टबरोबर बाहेर, रस्त्यावर, दुकानात जायचं असतं. नुसतं खोलीत बसून बालपणाबद्दल बोलणं महिनोन्महिने चाललं असेल तर विचारा, 'प्रयोग कधी सुरू करायचे?'

प्रश्न : माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. पुण्यात आयटी कंपनीत आहे. इंग्रजी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, कॅमेरा बंद ठेवतो. इंग्रजी संभाषणाचा क्लास लावला की भीती जाईल का?

मराठी मित्रांत, लग्नकार्यात, मराठी बोलणाऱ्या वरिष्ठांसमोर तुम्ही मोकळे असाल, तर अडचण भाषेच्या सरावाची आहे. क्लास जरूर लावा. तिथेही घसा सुकत असेल, तर क्लासने इंग्रजी सुधारेल, भीती राहील. आणि अगदी निर्दोष इंग्रजीची तयारी ही मग आणखी एक बचावाची सवय होईल. पहिला प्रयोग : रोजच्या मीटिंगच्या पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य, कॅमेरा चालू, स्वतःच्या चौकटीकडे न बघता. 'हाइड सेल्फ व्ह्यू'चा पर्याय असतो, तो वापरा. दुसरा : एक वाक्य व्याकरणाच्या चुकीसह बोला, दुरुस्त करू नका. थेरपी मराठीत घेतली तरी सराव इंग्रजीतच हवा, कारण भीती तिथे राहते. परदेशातून लिहिणाऱ्या तिघांनाही हेच उत्तर.

प्रश्न : डॉक्टरांनी एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपॅम दिलं. मळमळ झाली, झोप उडाली, आठव्या दिवशी दोन्ही बंद केली. या गोळ्यांची सवय लागते ना? नुसत्या मीटिंगपुरती एखादी गोळी नाही का? वय ४१.

तुम्ही थांबलात ती नेमकी चुकीची वेळ. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही एसएसआरआय गटातली, भीती आणि नैराश्य दोन्हींवर दिली जाणारी औषधं. मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, झोपमोड, थोडी वाढलेली बेचैनी हे सगळं पहिल्या आठवड्यात येतं आणि बहुतेकांत एक-दोन आठवड्यांत ओसरतं. फायदा मात्र उशिरा सुरू होतो. गुण आला की नाही हे ठरवायला पुरेशा मात्रेत ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. हे पहिल्याच दिवशी नीट सांगितलं गेलं नाही, तर पेशंट औषध सोडणारच. सुरुवात कमी मात्रेने करतात, एस्सिटॅलोप्रॅम ५ मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, आणि आठवड्याभराने वाढवतात. गोळी नाश्त्यानंतर सकाळी घेतली तर मळमळ आणि झोपमोड दोन्ही कमी होतात. हे सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोला, आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका.

काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात : पूर्वी कधी झोपेशिवायही दिवसच्या दिवस अतिउत्साह, अफाट खर्च असा काळ आला होता का, घरात बायपोलर आजार (अतिउत्साह आणि नैराश्य यांचे आलटून-पालटून येणारे काळ) आहे का, वेदनाशामक, विशेषतः ट्रॅमाडॉल, चालू आहे का, गरोदरपण आहे किंवा ठरवत आहात का. पंचविशीच्या आतल्यांवर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. क्वचित आत्महत्येचे विचार बळावतात. लैंगिक इच्छा कमी होणं, वीर्यपतनाला उशीर होणं हे बऱ्याच जणांना होतं आणि संकोचामुळे कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद करतात. मात्रा किंवा औषध बदलता येतं. बोला.

सवयीबद्दल. एसएसआरआयची नशा होत नाही, मात्रा वाढवत न्यावीशी वाटत नाही. पण एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटतं, विशेषतः पॅरॉक्सेटिनने, आणि जवळच्याच दुसऱ्या गटातल्या व्हेन्लाफॅक्सिननेही. म्हणून बरं वाटू लागल्यावर किमान सहा महिने, अनेकदा वर्षभर चालू ठेवून मग हळूहळू कमी करायचं. क्लोनाझेपॅम, अल्प्राझोलॅम या लगेच शांत करणाऱ्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्यांची सवय लागते. सुरुवातीचे दोन-चार आठवडे आधार म्हणून ठीक, पण 'लग्नाला जाताना एक टाकली' हे सुरू झालं की प्रयोगातून काही शिकताही येत नाही. श्रेय पुन्हा गोळीला जातं. दारूबरोबर ती धोकादायक आहे. बरेच दिवस घेतली असेल तर तीही एकदम सोडू नये.

मीटिंगपुरतं प्रोप्रॅनोलॉल असतं, १० ते ४० मिलिग्रॅम, भाषणाआधी अर्धा-एक तास. ते धडधड आणि कंप कमी करतं, मनातली भीती नाही. त्यामुळे वर्षातून चार वेळा स्टेजवर जाणाऱ्या गायकाला उपयोगी, रोजच्या भीतीला नाही. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर घेऊ नये, आणि पहिली गोळी ऐन कार्यक्रमाच्या दिवशी न घेता आधी घरी घेऊन पाहावी.

गोळ्या की थेरपी? उपलब्ध असेल तर आम्ही थेरपीला पहिली पसंती देतो, कारण ती संपल्यावरही फायदा टिकतो; औषध बंद झाल्यावर त्रास परतण्याचं प्रमाण जास्त. पण सोबत नैराश्य असेल, किंवा भीती इतकी की दवाखान्याची पायरीही चढवत नाही, तेव्हा औषधानेच दार उघडतं.

प्रश्न : ऑफिसच्या पार्टीआधी दोन पेग घेतो. त्याशिवाय बोलताच येत नाही. हे चुकीचं आहे का?

दारू दोन तास भीती झाकते आणि दुसऱ्या सकाळी दुप्पट करून परत देते. मग 'काल काय बोललो' याचा रवंथ. पार्टीत बोलणारे तुम्ही नव्हतात, पेग होता, असा निष्कर्ष निघतो आणि पुढच्या वेळी तीन लागतात. पुढच्या पार्टीला फक्त पहिली चाळीस मिनिटं दारूशिवाय थांबा. दोघांशी बोला आणि निघा. मात्र पिणं रोजचं असेल, सकाळी हात कापत असतील, तर एका दिवसात बंद करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा, भीतीचा उपचार सोबतच सुरू करा.

प्रश्न : माझ्या दिराचं वय ३०. हुशार आहे, घरून काम करतो. कांदेपोह्याचे चार कार्यक्रम ऐन वेळी टाळले. फोन आला तर मला देतो, हॉटेलात त्याची ऑर्डर मीच देते, पाहुण्यांना 'तो आत आहे' म्हणून सांगते. सासूबाई म्हणतात, एकदा लग्न झालं की सुधारेल. मी काय करू?

वहिनी, तुमच्या पत्रातली काळजी पोचली. लग्न हा उपचार नाही. उलट पहिल्याच दिवशी दोनशे लोकांसमोर उखाणा घ्यायचा असतो. भीती लपवून लग्न लावणं मुलीवरही अन्याय आहे.

तुम्ही त्याचे फोन घेता, हॉटेलात त्याची ऑर्डर देता, पाहुणे आले की तो आत आहे असं सांगता. हे प्रेमाने होतं, पण त्याच्या टाळण्याला घराचा आधार मिळतो. हा आधार एकदम काढू नका आणि चोरूनही काढू नका. त्याच्याशी बसून ठरवा : या आठवड्यापासून गॅस सिलिंडरचा फोन तो करेल, तुम्ही शेजारी बसाल. पुढच्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्या खोलीत. मग कुरिअर तो घेईल. मग मामांकडे अर्धा तास. प्रत्येक पायरी भीती वाटेल इतकी चढ, पण जमेल इतकी लहान. तो अडला तर शांतपणे म्हणा, 'अवघड आहे हे दिसतंय मला, आणि तुला जमेल.' त्याच्या हातातला फोन मात्र घेऊ नका. 'लाजाळूचं झाड', 'मुखदुर्बळ', पाहुण्यांसमोर 'अरे बोल की' हे पूर्ण बंद.

मुलगी भेटायची तर दहा नातेवाइकांच्या दिवाणखान्यात नको, दोघांनीच कॅफेत भेटू द्या. ही पळवाट नाही, पायरी आहे. तो जेवण, झोप, आवडीचं काम सोडू लागला, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागला, तर पायऱ्यांची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : जायचं कुणाकडे? खर्च? गावात कळलं तर?

गोळ्या लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ. थेरपीसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ; त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का ते विचारावं, आणि 'सोशल अँक्झायटीसाठी सीबीटी करता का, सत्राबाहेर सराव देता का' हेही. सरकारी जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचार संस्था. तिथे ओपीडीत दाखवून घरी परतता येतं, भरती व्हावंच लागतं असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे.

समोर जाऊन बोलणंच अशक्य वाटत असेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोनवर बोलायचीही भीती वाटत असेल तर आधी कागदावर तीन ओळी लिहा : वय, त्रास कधीपासून, कोणता प्रसंग सर्वांत अवघड. आणि त्या सरळ वाचून दाखवा. इथे पाठ केलेलं, वाचून दाखवलेलं, अडखळलेलं सगळं चालतं.